कमी चाललेली गाडी

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं डोक्यात आलं की माणूस सगळ्यात आधी एकच आकडा बघतो, किती चाललीये. वीस-बावीस वर्षांची गाडी आणि रनिंग फक्त ३८ हजार किलोमीटर असं लिहिलेलं दिसलं की पुढचं काही वाचायची गरजच वाटत नाही, आपण मनातल्या मनात तिच्यात बसून निघालेलो असतो. मीही असाच निघालो होतो. त्या एका आकड्यापायी पुढे जे निस्तरावं लागलं ते सगळं टाळता येण्यासारखं होतं, म्हणून तेव्हापासून कोणीही मला विचारलं की अमुक गाडी बघायला चाललोय, काय काय बघू, तर मी पहिलं हेच सांगतो, किती चालली ते नंतर विचार, शेवटची नीट कधी चालली ते आधी विचार.

माझी ती पहिली गाडी दोन सीटची, कापडी टपाची (छपराची), मागच्या चाकांवर चालणारी. मालक अत्यंत सज्जन माणूस, एक अक्षर खोटं बोलले नाहीत. गाडीवर मऊ कापडाचं कव्हर, बंद गॅरेज, वर्षातून दोन-तीनदा कोरडा दिवस बघून बाहेर काढायची आणि पुसून परत आत. रंग असा की त्यात स्वतःचा चेहरा दिसावा, सीटच्या कडा कोऱ्या, स्टिअरिंगवरचं चामडं अजून खरखरीत. मी रंग बघितला, सीट बघितल्या, इंजिन सुरू करून आवाज ऐकला आणि हो म्हणालो. पहिल्या महिन्यात क्लचचा पेडल एका सिग्नलला खाली गेला तो वर आलाच नाही, क्लच ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर आतून वाळून गेलं होतं. दुसऱ्या महिन्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून तेल झिरपायला लागलं. मग पेट्रोलचा पंप. आणि मग एका ओल्या वळणावर, वेग अगदी माफक असताना, गाडीचा मागचा भाग अचानक बाहेर निघाला आणि पाठीतून जी थंड लहर गेली ती मला आजही आठवते.

टायरना नक्षी भरपूर होती. मी ती घेताना बघितली होती, अंगठ्याने दाबूनही बघितली होती आणि खूशही झालो होतो. पण टायरचं वय नक्षीत दिसत नाही. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांपुढे एक लांबलचक कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, म्हणजे १८०९ असेल तर २००९ सालचा अठरावा आठवडा. ही चार आकड्यांची पद्धत २००० पासूनची, तीनच आकडे दिसले तर टायर त्याच्याही आधीचा. आणि बरेचदा हा पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू नेमकी आतली निघते, म्हणजे खाली वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून बघावं लागतं. मी वाकलो नव्हतो. वाकून बघितलं तेव्हा कळलं की टायर मागच्या दशकातले आहेत, नक्षीच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा पडल्यात आणि रबर टणक झालंय, नख रुतत नाही. स्पोर्ट्स कारमध्ये आपण ज्या गोष्टीसाठी बसतो, ती वळणावरची पकड, ती सगळी चार तळहातांएवढ्या रबरावर उभी असते, आणि ते रबर गॅरेजमध्ये उभ्या उभ्या म्हातारं झालेलं असतं.

गाडी उभी राहिली की तिचं आतून काय होतं हे कोणी धड सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, तो त्याचा गुणधर्मच आहे, म्हणून बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदला म्हणतात, गाडी चालो न चालो. नाही बदललं तर तीच ओल कॅलिपरच्या (ब्रेकपॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनला आतून गंज चढवते. पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं, त्याला व्हार्निशसारखा उग्र वास येतो आणि त्याचा चिकट थर इंजेक्टरमध्ये बसतो. कूलंटमधलं (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवातलं) गंज रोखणारं रसायन वर्षागणिक संपत जातं. रबराचे सील तेलात भिजत राहिले तर मऊ राहतात, वर्षानुवर्षं कोरडे राहिले की कडक होतात आणि ज्या दिवशी तुम्ही हौसेने गाडी दामटायला घेता त्या दिवसापासून गळायला लागतात. आणि "मी दर महिन्याला पाच मिनिटं सुरू करून ठेवतो हो" हे जे मालक प्रेमाने सांगतात ना, ते ऐकून आता माझ्या पोटात गोळा येतो. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, इंजिन पुरतं तापलं तरच ते वाफ होऊन निघून जातं, पाच मिनिटांत बंद केलं की ते सायलेन्सरमध्ये आणि इंजिन ऑइलमध्ये तसंच मागे राहतं. अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर हातच लावू नका.

माझदाच्या आरएक्स-८ चं उदाहरण याबाबतीत मला फार बोलकं वाटतं. २००३ ते २०१२ या काळात बनलेली ही गाडी, पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर असलेलं वँकेल इंजिन, आवाज असा की ऐकत राहावं. हे इंजिन गार असताना सुरू करून नुसतं दोन हात पुढेमागे सरकवून लगेच बंद केलं तर आत पेट्रोल साचतं आणि नंतर ते सुरूच व्हायला नकार देतं. म्हणजे दारातली गाडी बाजूला घेणं हेसुद्धा तिला सोसत नाही, तिला तापवायलाच लागतं. आणि ती थोडं तेल पिते ते बिघाड म्हणून नाही, तिच्या रचनेतच रोटरच्या सीलसाठी तेल आत सोडलेलं असतं, त्यामुळे मालकाला विचारायचा प्रश्न "तेल खाते का" हा नाही, "तेल कधी कधी टाकता आणि डिकीत एक डबा ठेवता का" हा आहे. जो मालक म्हणेल की छे, कधी टाकावंच लागलं नाही, त्याला नमस्कार करून निघायचं. शिवाय तिची कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिन आत किती दाब धरतं ते बघायची) साध्या गेजने होत नाही, एका रोटरला तीन बाजू आणि साधं गेज त्यातला सगळ्यात चांगला आकडा दाखवून मोकळं होतं, दोन बाजू मेलेल्या असल्या तरी. रोटरी इंजिनसाठीचं वेगळं मशीन असलेल्या ठिकाणीच ती करून घ्यायची, आणि इंजिन तापल्यावर ती परत सुरू होते का हे स्वतः बघायचं, कारण सील झिजलेली आरएक्स-८ गार असताना सुरू होते आणि गरम असताना छळते.

प्रत्येक गाडीचं असं एक दुखरं ठिकाण असतं आणि ते बघायला जायच्या आधीच माहीत हवं, हा अभ्यास घरी बसून करायचा. पोर्शे ९४४, १९८२ ते १९९१, तिचा व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात, म्हणून तो बेल्ट आणि सोबतचा बॅलन्स शाफ्टचा बेल्ट कोणत्या साली बदलला याचं बिल हातात घेतल्याशिवाय तिच्यात चक्कर मारायलाही बसू नये असं माझं मत आहे. इथे परत तोच आकडा फसवतो, कारण बेल्टला किलोमीटरसोबत वर्षांचीही मर्यादा असते, दहा वर्षांत चार हजार किलोमीटर चालला तरी तो दहा वर्षांचाच. पोर्शेच्याच ९९६ जातीच्या ९११ मध्ये आणि त्याच काळातल्या बॉक्स्टरमध्ये इंजिनच्या आतल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग, ज्याला सगळे आयएमएस म्हणतात, ते बसलं तर अख्खं इंजिन घेऊन बसतं. नियमित चालणाऱ्या, वेळेवर तेल बदललेल्या गाड्या त्यात जास्त टिकतात असं त्यांच्यावर काम करणारे बरेच जण सांगतात. तेलाचा फिल्टर कापून त्यात चमकणारा धातूचा चुरा आहे का बघणं हा ते ओळखायचा साधा उपाय, आणि खरंच विकायची इच्छा असलेला मालक त्याला नाही म्हणत नाही.

याचा अर्थ खूप पळवलेली गाडी आपोआप चांगली असा नाही हां. बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ घ्या, मागच्या ॲक्सलची सबफ्रेम (तो धरणारी चौकट) जिथे बॉडीला बोल्टने धरलेली असते तिथला पत्रा ताणाने तडकतो, आणि जितकी जोरात, ट्रॅकवर वगैरे चालवली असेल तितकी शक्यता वाढते. ते वरून कधीच दिसणार नाही. गाडी लिफ्टवर घेऊनच बघायचं, आणि लिफ्टवर घेऊ देत नाही असा मालक असेल तर आपला वेळ वाचला म्हणायचं.

आता गंज. यावर मी कितीही बोलू शकतो कारण इंजिन दुरुस्त होतं, बदलता येतं, पण सांगाडा कुजला की गाडी गेली. मला हे शिकवलं एका म्हाताऱ्या मेकॅनिक काकांनी, ज्यांच्याकडे मी माझी ती चकचकीत गाडी घेऊन गेलो होतो, तक्रार एवढीच की ब्रेक दाबला की कुठून तरी खळखळ असा आवाज येतो. काकांनी बॉनेट उघडलंच नाही. टप मागे पाडला, सीटच्या मागचं कार्पेट कोपऱ्यातून उचललं, पाण्याची बाटली घेतली आणि टपाच्या कडेला जी छोटीशी पन्हळ असते तिच्यात बारीक धार सोडली. "आता खाली बघ आणि मोज," म्हणाले. मी गुडघ्यावर बसून मागच्या चाकाच्या पुढे बघत राहिलो. एक, दोन, तीन, चार, पाच. काहीच नाही. दहापर्यंत मोजलं, एक थेंब खाली आला नाही. "दोन-तीनला यायला पाहिजे होतं," काका म्हणाले, "तुझी पाणी बाहेर नेणारी नळी पालापाचोळ्याने तुंबलीये, मग पाणी कुठे जातंय?" ते जात होतं दाराखालच्या सिलमध्ये, त्या पोकळ पेटीत, आणि खळखळ तीच होती. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने सिल वाजवायला सुरुवात केली, पुढच्या चाकाकडून मागे, ठण, ठण, ठण, आणि मागच्या चाकाच्या अलीकडे आल्यावर आवाज एकदम बसला, भद्द. तिथे त्यांनी बोटाने दाबलं. रंग चकचकीतच होता, त्याखाली पत्रा नव्हता, पुट्टी होती, आणि ती त्यांच्या बोटाबरोबर आत गेली.

उघड्या टपाच्या गाडीत ही सिल म्हणजे गाडीचा कणाच, वर छप्पर नसल्यामुळे सगळा ताण ती पेलते. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवलेली माझदा एमएक्स-५ जगभर इतकी खपली, तिलाही हेच दुखणं, तुंबलेल्या नळ्या आणि मागच्या चाकांपुढची कुजलेली सिल. त्याच्याही आधीच्या एमजीबीमध्ये तर बाहेरून सुंदर दिसणाऱ्या सिलवर नवीन पत्रा नुसता चिकटवलेला निघतो. म्हणून दोन गोष्टी जरूर करा. एक, दार थोडं उचलून बंद करावं लागतंय का बघा, लागत असेल तर बिजागरी झिजलीये नाहीतर सांगाडा खचलाय. दुसरं, गाडीच्या पोटाला ताजं काळंभोर कोटिंग मारलेलं दिसलं तर खूश होऊ नका, कधी मारलं, मारायच्या आधीचे फोटो आहेत का ते विचारा. जुनं, धुळकट, कुठेकुठे सोललेलं पोट मला त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं.

ॲक्सिडेंट झालेली गाडी ओळखायला पेंटची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते जरूर न्या. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, एखाद्या पॅनलवर दुप्पट आला तर तो परत रंगवलाय, आणि हजाराच्या वर गेला तर खाली पुट्टी आहे. नुसता परत रंगवलेला दरवाजा म्हणजे काही गुन्हा नाही, वीस वर्षांत कोणीतरी ओरखडा काढतोच. मी त्यापेक्षा बॉनेटच्या कडेचे, फेंडर धरणारे बोल्ट बघतो, त्यांच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालाय का, कारण फेंडर सहज गंमत म्हणून कोणी काढत नाही. आणि गंजत नाही म्हणून निर्धास्त व्हायच्या गाड्याही असतात असं समजू नका, १९९६ मध्ये आलेली लोटस एलिस घ्या, तिचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, गोंदाने चिकटवून जोडलेला, इतका हलका आणि ताठ की चालवताना अंगावर काटा येतो, पण त्याला जबर धक्का बसला असेल तर तो साध्या पत्र्यासारखा ठोकून सरळ करता येत नाही. तिथे प्रत्येक जोड टॉर्च लावून बघायचा. जुन्या एलिसमधल्या रोव्हरच्या के-सिरीज इंजिनचं हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधला सील) जाण्याबद्दल तर प्रसिद्धच आहे, कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून (इंजिन गार असताना, प्लीज) आत तेलकट, कॉफीसारखा थर दिसतो का बघा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. चासी नंबर गाडीवर जिथे जिथे आहे तिथे तिथे जाऊन कागदाशी जुळवा. बिलांची फाइल मागा आणि ती पैशांसाठी वाचू नका, तारखांसाठी वाचा. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात, ते ओळीने लावले की गाडीचं आयुष्य समोर उभं राहतं, आणि कुठे मधेच चार वर्षं काहीच नाही असं दिसलं तर ती चार वर्षं ती कुठे उभी होती, कशी उभी होती, हा प्रश्न. मीटर मागे फिरवलेला असेल तर तोही इथेच सापडतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या बऱ्याच गाड्यांना ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं, सॉकेट असतं, साधा स्कॅनर लावून नुसते एरर कोड बघू नका, सेल्फ टेस्ट पूर्ण झाल्यात का तेही बघा, कारण कोड पुसले की त्या टेस्टचे निकालही पुसले जातात आणि परत पूर्ण व्हायला गाडी बऱ्यापैकी फिरवावी लागते. सगळं कोरं दिसलं तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी डॅशबोर्डवरचा इंजिनचा लाइट विझवलाय अशी दाट शंका घ्या, बॅटरी नुकतीच काढली होती असं कारण सांगितलं तर परत दोन-चार दिवसांनी या.

मॉडिफाय केलेली गाडी मी घेत नाही. ज्याने केलं त्याला ते कळत होतं की नाही हे वायरिंगच्या टेपवरून कळतं एवढंच सांगतो.

आणि जमलं तर सोबत असा माणूस न्या ज्याला ती गाडी आवडत नाही. मला मान्य आहे की हे कठीण आहे, आपण आपल्यासारख्याच वेड्याला घेऊन जातो आणि मग दोघं मिळून तिच्याकडे बघत उभे राहतो. पण वास आधी त्यालाच येतो. कार्पेटचा ओलसर कुबट वास, गरम इंजिनचा गोडसर वास म्हणजे कूलंट गळतंय, हे सगळं मला माझ्या बायकोने सांगितलंय, मी तेव्हा डॅशबोर्डवरून हात फिरवत होतो.

तर दुसऱ्या वेळेस. गाडी त्याच जातीची, दोन वर्षांनी जुनी, रनिंग १ लाख ४६ हजार. आधीचा मी हा आकडा बघूनच पुढे गेलो असतो. सीटची दाराकडची कड झिजून मऊ पडलेली, पेडलचं रबर एका कोपऱ्यात गुळगुळीत, पुढच्या बंपरवर खड्यांचे बारीक ठिपके, म्हणजे जितकी चालली म्हणतात तितकी चाललेली दिसत होती, लपवाछपवी काही नाही. मी आदल्या दिवशी मालकीणबाईंना फोनवर एकच विनंती केली होती, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सकाळी पोचलो, काही बोलायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गार. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत, "बरोबर आहे, मीपण घेताना हेच केलं होतं," म्हणाल्या.

खाली चटई टाकून आडवा झालो, टायरचा कोड वाचला, दोन वर्षांपूर्वीचे, चारही एकाच मेकचे. सिल वाजवली, टोकापर्यंत ठण ठण. टप पाडला, बाटलीतली धार सोडली आणि बाईंनाच म्हटलं, तुम्ही मोजा. दोनला पाणी खाली आलं, उजवीकडेही, डावीकडेही. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि मी मागे सायलेन्सरपाशी उभा राहिलो. टॅपेटचा टिकटिक आवाज तीन-चार सेकंद राहिला आणि थांबला. निळा धूर नाही. पांढरी वाफ थोडी, मिनिटभरात तीही गेली. मग चक्कर, पहिली दहा मिनिटं अगदी हळू, गार गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर अडखळतो का ते बघत, किंचित अडखळला, तेल तापल्यावर नाही. चौथ्या गिअरमध्ये सावकाश जात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, आरपीएमचा काटा आणि वेग सोबत चढले, म्हणजे क्लच घसरत नाही. काटा मधेच ठेवून परत आणलेली टेस्ट ड्राइव्ह ही अर्ध्या इंजिनचीच टेस्ट असते, होंडा एस२००० सारख्या गाडीत तर इंजिनचा जोर वाढवणारा खरा कॅम लागतोच सहा हजार आरपीएमच्या आसपास, म्हणून बाईंना विचारून, तेल पुरतं तापल्यावर, एकदा लाल रेषेच्या जवळपर्यंत नेली. मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक दाबला, कुठे ओढली नाही. परत आलो, इंजिन चालूच ठेवून बोलत उभे राहिलो, फॅन लागायची वाट बघत. लागला, थोडा वेळ फिरला, थांबला, टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही.

बिलांची फाइल जाड होती, मधे एकही मोठी फट नाही. शेवटचं ब्रेक ऑइल सहा महिन्यांपूर्वीचं. वॉटर पंप आणि बेल्ट एकत्र बदललेले. मागच्या शॉकॲबसॉर्बरचं एक बिल नव्हतं, विचारलं, तर त्या म्हणाल्या ते बदललेलेच नाहीत, बदलायला झालेत, ते तुम्हाला करावं लागेल. मी वहीत लिहून घेतलं, बॉनेट बंद केलं, हात पुसले आणि मग पैशांचं बोलणं काढलं.